ग्रॅम अभिरंजन चुकते कुठे: दही आणि दातांच्या किटणाचे लेप करण्याचा नेमका क्रम

ग्रॅम अभिरंजन म्हणजे जिवाणूंना रंग देऊन जांभळे (ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि गुलाबी (ग्रॅम निगेटिव्ह) अशा दोन गटांत विभागण्याची पद्धत. ताज्या दह्याचा लेप, म्हणजे काचपट्टीवरचा पातळ थर, करून, त्याला रंग देऊन प्रयोगवहीत ‘गुलाबी दंडाणू (दांड्यासारखे जिवाणू), ग्रॅम निगेटिव्ह’ असा निष्कर्ष लिहिलेला वारंवार आढळतो. दही लावणारे जिवाणू, मग ते दांड्यासारखे लॅक्टोबॅसिलस असोत किंवा साखळीने राहणारे गोल स्ट्रेप्टोकॉकस असोत, ग्रॅम पॉझिटिव्हच असतात. ते गुलाबी दिसले तर दोष दह्याचा नसून हाताळणीचा असतो. अशा वह्या तपासताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. निम्म्या चुका रंगाची पहिली बाटली उघडण्यापूर्वीच, लेप करताना, होऊन गेलेल्या असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक अल्कोहोलच्या काही सेकंदांत होतात. म्हणून या दोन ठिकाणी हा लेख मुद्दाम रेंगाळतो. इतर टप्पे थोडक्यात सांगितले आहेत.

अकरावी-बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्राचे विद्यार्थी, तसेच त्यांची प्रात्यक्षिके घेणारे नवे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून पुढील क्रम लिहिला आहे. १००× चे तेलभिंग असलेला सूक्ष्मदर्शक आणि साधी प्रयोगशाळा उपलब्ध आहे, असे गृहीत धरले आहे.

## बाटल्यांना हात लावण्यापूर्वी: रंग पेशीच्या कोणत्या भागाबद्दल बोलतो

जिवाणूची पेशी आदिकेंद्रकी असते. तिचा डीएनए केंद्रकाच्या पटलात बंद नसतो, पेशीद्रवातच गुंडाळलेला असतो. तंतुकणिका किंवा हरितलवके यांसारखी अंगके तिच्यात नसतात. रायबोसोम असतात, परंतु ते जेमतेम २० नॅनोमीटरचे असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणे शक्यच नसते. ग्रॅम अभिरंजनानंतर जिवाणूच्या बाबतीत तीनच गोष्टी पाहता येतात: आकार, रचना आणि रंग. ‘जिवाणूचे केंद्रक गडद दिसले’ असे वाक्य वहीत असेल, तर पाहणाऱ्याने जिवाणू सोडून दुसरेच काहीतरी पाहिलेले असते.

रंगाचा संबंध पेशीभित्तिकेशी आहे. जिवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकॅन या जाळीदार पदार्थाची बनलेली असते. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीत ही जाळी जाड, साधारण २० ते ८० नॅनोमीटरची आणि अनेक पदरी असते. ग्रॅम निगेटिव्ह पेशीत ती काही नॅनोमीटरचीच असते, मात्र तिच्या बाहेर मेदयुक्त असे आणखी एक पटल असते. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. आयोडीन त्याच्याशी जोडले जाऊन पेशीच्या आत मोठा संयुक्त कण तयार होतो. अल्कोहोल ओतल्यावर जाड जाळीतील पाणी निघून जाते, जाळी आकसते आणि तो मोठा कण आत अडकतो. पातळ भित्तिकेच्या पेशीत अल्कोहोल बाहेरच्या पटलातील मेद विरघळवते, उरलेली जाळी कणाला धरून ठेवू शकत नाही आणि पेशी रंगहीन होते. शेवटचे गुलाबी सॅफ्रानीन दोन्ही पेशींना लागते, पण जांभळ्या पेशीत ते झाकले जाते.

यातून लगेच हाताशी येणारा निष्कर्ष असा, की पेशीभित्तिका धड असेल तरच रंगावर विश्वास ठेवता येतो. जास्त तापवलेली, म्हातारी झालेली किंवा फुटलेली ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी जांभळा रंग धरू शकत नाही. पुढील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हेच कारण आहे.

## टप्पा १: द्रावणे तयार करणे आणि तपासणे

चार द्रावणे लागतात.

१. क्रिस्टल व्हायोलेट: २ ग्रॅम रंग २० मिलिलिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवावा. दुसऱ्या भांड्यात ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झॅलेट ८० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे. दोन्ही एकत्र करून २४ तास ठेवावे आणि गाळणकागदातून गाळून मगच वापरावे.

२. ग्रॅमचे आयोडीन: २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घालावे, पूर्ण विरघळल्यावर डिस्टिल्ड पाण्याने ३०० मिलिलिटर करावे. बाटली तपकिरी रंगाची असावी.

३. विरंजक (रंग काढणारे द्रावण): ९५ टक्के इथेनॉल.

४. सॅफ्रानीन: २.५ ग्रॅम रंग १०० मिलिलिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवून साठा करावा. वापरताना त्याचा १ भाग ९ भाग पाण्यात मिसळावा.

आयोडीनच्या द्रावणात क्रम उलटा करू नये. आयोडीन साध्या पाण्यात फारच कमी विरघळते. आधी आयोडाइड नसेल तर तळाशी स्फटिक तसेच राहतात, वरचे द्रावण कमजोर पडते आणि पुढे ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींचा रंगही धुऊन जातो.

काही प्रयोगशाळांत विरंजक म्हणून अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलचे मिश्रण ठेवलेले असते. ते शुद्ध इथेनॉलपेक्षा बरेच झपाट्याने रंग काढते, त्यामुळे खाली दिलेल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. बाटलीवर नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचावे. शिकणाऱ्यांनी इथेनॉलच वापरावे असा माझा आग्रह आहे, कारण त्यात चूक सावरायला दोन-चार सेकंद मिळतात.

तपासणी: आयोडीनचा रंग गडद तपकिरी असावा, फिकट पिवळा झाला असेल तर द्रावण टाकून द्यावे. क्रिस्टल व्हायोलेटचा एक थेंब रिकाम्या काचपट्टीवर सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्यात गडद कण किंवा सुया दिसल्या तर द्रावण पुन्हा गाळावे. हे कण गोलाणूंसारखे (गोल जिवाणूंसारखे) दिसतात आणि त्यांनी आजवर पुष्कळ विद्यार्थ्यांना फसवले आहे.

## टप्पा २: काचपट्टी

नवी, डब्यातून नुकतीच काढलेली काचपट्टीसुद्धा स्वच्छ नसते. तिच्यावर तेलकट थर असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसावी आणि त्यानंतर फक्त कडांना धरावे.

तपासणी: पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो पसरला तर पट्टी तयार आहे. अळवाच्या पानावर राहतो तसा गोल होऊन राहिला, तर तेलकटपणा बाकी आहे. असा लेप धुताना सोलून निघतो.

पट्टीच्या एका टोकाला खूण करावी. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, म्हणून काच कोरणारी पेन्सिल वापरावी किंवा टोक खडबडीत असेल तर त्यावर साध्या शिसपेन्सिलीने लिहावे. खूण आणि लेप एकाच बाजूला असावेत. या बारीकशा सवयीचा उपयोग सातव्या टप्प्यात कळेल.

## टप्पा ३: नमुने निवडणे

एकाच पट्टीवर तीन लेप करावेत: मध्ये तपासायचा नमुना आणि दोन बाजूंना ज्यांचा रंग आधीच ठाऊक आहे असे दोन जिवाणू. प्रयोगशाळेत १८ ते २४ तासांची, शिक्षकांनी दिलेली स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय यांची संवर्धने (माध्यमात वाढवलेले जिवाणू) असतील तर उत्तम. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी दिसायला हवा. हे दोन तुलनालेप नसतील, तर मधल्या लेपाच्या रंगावरून निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत मी हे सांगतो. संवर्धने नसतील तेव्हा निदान ताज्या दह्याचा लेप ग्रॅम पॉझिटिव्ह तुलनेसाठी ठेवावा.

दही: रात्री विरजण लावून सकाळी घट्ट झालेले, ८ ते १२ तासांचे दही घ्यावे. चार दिवसांचे आंबट दही घेऊ नये. त्यातील अनेक पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात, त्यांची भित्तिका सैल पडलेली असते आणि एकाच साखळीत काही पेशी जांभळ्या तर काही गुलाबी दिसू लागतात. दूध शक्यतो साय काढलेले, गाईचे असावे. आपल्याकडे घरोघरी म्हशीच्या दुधाचे दाट दही लावतात. ते खायला उत्तम असले तरी त्यात मेद गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो, आणि मेदाचे गोळे लेपात रिकामी गोल छिद्रे पाडतात. ग्रंथांत अशा लेपातील मेद झायलीनने काढायची रीत दिलेली असते. झायलीनची वाफ अपायकारक आहे. नवशिक्यांनी तिच्या वाटेला न जाता नमुनाच बदलावा.

दह्याचा घट्ट भाग उचलू नये. दह्यात चमचा फिरवल्यावर जे निवळ पाणी सुटते, त्याचा लूपभर (तारेच्या टोकाच्या कडीत मावेल इतका) अंश घ्यावा. जिवाणू त्यात भरपूर असतात आणि दुधातील प्रथिनांचा गठ्ठा टाळता येतो. ही प्रथिने सॅफ्रानीन शोषून गुलाबी होतात, आणि सुरुवातीला सांगितलेला ‘ग्रॅम निगेटिव्ह’ निष्कर्ष पुष्कळदा या गुलाबी पार्श्वभूमीमुळेच लिहिला गेलेला असतो.

दातांचे किटण: सकाळी दात घासण्यापूर्वी, स्वतःच्याच दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यावरून निर्जंतुक काडीने हलकेच खरवडून घ्यावे. दुसऱ्याच्या तोंडातील नमुना घेऊ नये. काडी वापरताच १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात टाकावी. या नमुन्याचा मोठा फायदा असा, की त्यात ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह दोन्ही जिवाणू असतात, आणि बहुधा तोंडाच्या अस्तरातील आपल्या स्वतःच्या पेशीही येतात. आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी (पटलात बंद केंद्रक असलेल्या) पेशी एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी पाहण्याची यापेक्षा सोपी संधी मला माहीत नाही.

सावधान: घरी आगरच्या जेलीवर किंवा बटाट्याच्या कापांवर अनोळखी जिवाणू वाढवून त्यांचे लेप करू नयेत. काय वाढले आहे हे रंगावरून कळत नाही.

## टप्पा ४: लेप

प्रयोग बहुतेक वेळा येथेच बिघडतो. म्हणून घाई अजिबात करू नये.

१. निक्रोम लूप ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावा आणि १० ते १५ सेकंद थंड होऊ द्यावा. गरम लूप नमुन्याला लागला की पेशी फुटतात आणि थेंबही उडतात.

२. दह्यासाठी पट्टीवर डिस्टिल्ड पाण्याचा एक छोटा थेंब ठेवून त्यात दह्याचे निवळ पाणी लूपभर मिसळावे. किटणासाठी पाण्याचा थेंब आणखी लहान असावा. घन माध्यमावरची वसाहत (एका जागी वाढलेला जिवाणूंचा ठिपका) असेल तर लूपचे फक्त टोक तिला स्पर्श करील इतकेच उचलावे. द्रव माध्यमातील वाढ असेल तर पाणी अजिबात घालू नये, एक-दोन लूप द्रव सरळ पसरावा.

३. लूप आडवा धरून साधारण १ सेंटिमीटर व्यासाचा पातळ थर पसरावा. एकाच जागी घोटत बसू नये. दह्यातील साखळ्या तुटतात आणि मग ‘सुटे गोलाणू’ अशी चुकीची नोंद होते.

४. लेप हवेत आपोआप सुकू द्यावा. पंख्याखाली धरणे, फुंकर मारणे किंवा ओला लेप ज्योतीवर धरणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. पाणी असताना तापवले तर पेशी अक्षरशः शिजतात आणि त्यांचा आकार बिघडतो.

तपासणी: सुकलेला लेप वर्तमानपत्रावर ठेवावा. त्यातून खालची अक्षरे सहज वाचता आली आणि लेप काचेवर धुके आल्यासारखा अस्पष्ट दिसला, तर जाडी योग्य आहे. पांढरा ठिपका स्पष्ट दिसत असेल तर तो लेप टाकून द्यावा आणि नवा करावा. ‘रंग देऊन बघू’ असे म्हणून जाड लेप पुढे नेऊ नये. जाड थरात अल्कोहोल तळापर्यंत पोहोचत नाही आणि ई. कोलायसारखा ठाम ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूही जांभळा दिसतो.

## टप्पा ५: लेप काचेवर पक्का करणे

लेपाची बाजू वर ठेवून पट्टी चिमट्याने धरावी आणि ज्योतीतून तीन वेळा, प्रत्येक वेळी क्षणभरच, पार करावी. त्यानंतर पट्टीची खालची बाजू हाताच्या पाठीवर टेकवून पाहावी. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर पट्टी जास्त तापली असून भित्तिकेला इजा झाल्याची शक्यता धरावी. किटणाच्या लेपासाठी उष्णतेऐवजी मिथेनॉलचे काही थेंब एक-दोन मिनिटे ठेवून हवेत सुकवणे अधिक चांगले, कारण त्याने तोंडाच्या पेशींचा आकार नीट टिकतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. ते हातमोजे घालून आणि ज्योत विझवूनच वापरावे.

सावधान: लेप पक्का झाल्यावर स्पिरिटचा दिवा विझवावा आणि बाजूला ठेवावा. पुढच्या टप्प्यात अल्कोहोल ओतायचे आहे. त्यातही दिव्याची ज्योत भर उजेडात नीट दिसत नाही, आणि अपघात तिथेच होतो.

पट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय रंग टाकू नये. गरम काचेवर क्रिस्टल व्हायोलेट सुकते आणि त्याचे स्फटिक लेपाला चिकटून बसतात.

## टप्पा ६: चार द्रावणे, याच क्रमाने

पट्टी ट्रेवरच्या दोन दांड्यांवर आडवी आणि समपातळीत ठेवावी. समोर सेकंदकाटा असलेले घड्याळ असावे. मनातल्या मनात मोजलेला मिनिट कधीही ६० सेकंदांचा नसतो.

१. क्रिस्टल व्हायोलेट, १ मिनिट. तिन्ही लेप पूर्ण झाकले जातील इतके द्रावण टाकावे. नंतर पट्टी तिरपी करून वॉश बॉटलच्या मंद धारेने ४-५ सेकंद धुवावी. धार लेपावर न सोडता त्याच्या वरच्या काचेवर सोडावी. जास्त वेळ धुवू नये, कारण आयोडीन लागेपर्यंत रंग पेशीत नुसता शिरलेला असतो, बसलेला नसतो.

२. आयोडीन, १ मिनिट. पट्टीवर उरलेले पाणी आधी निथळून टाकावे, नाहीतर आयोडीन पातळ होते. मिनिटानंतर पुन्हा हलके धुवावे. या क्षणी तिन्ही लेप गडद जांभळेच दिसतात. भेद अजून पडलेला नसतो.

३. अल्कोहोल, साधारण १० ते २० सेकंद. याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे.

४. सॅफ्रानीन, ४५ ते ६० सेकंद. नंतर धुऊन टिपकागदाच्या दोन पानांमध्ये पट्टी ठेवून दाबावी. घासू नये.

आयोडीन विसरून थेट अल्कोहोल ओतणे ही क्रमातली सर्वात घातक चूक आहे. मोठा संयुक्त कण तयारच न झाल्याने दोन्ही प्रकारच्या पेशींतून रंग निघून जातो आणि सगळी पट्टी गुलाबी होते. सॅफ्रानीन विसरले तर याच्या उलट दिसते: जांभळे जिवाणू व्यवस्थित, पण ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू जणू नाहीतच. अशा पट्टीला नंतर सॅफ्रानीन दिले तरी चालते. पहिली चूक मात्र दुरुस्त होत नाही. नवा लेपच करावा लागतो.

### अल्कोहोलचे ते काही सेकंद

पुस्तकांत वेगवेगळे आकडे सापडतात आणि विद्यार्थी त्यातला एक पाठ करतो. खरे तर आकडा हा फक्त अंदाज आहे, कारण लागणारा वेळ लेपाच्या जाडीवर ठरतो. नजर घड्याळावर नव्हे, पट्टीवरून खाली पडणाऱ्या थेंबावर ठेवावी. पट्टी तिरपी धरावी, मागे पांढरा कागद किंवा पांढरी फरशी असावी आणि अल्कोहोल थेंबाथेंबाने लेपाच्या वरच्या कडेवर सोडावे. सुरुवातीला जांभळे ओघळ येतात, मग फिकट होतात. खाली पडणारा थेंब जवळजवळ रंगहीन झाला की त्याच क्षणी पाण्याची धार सोडावी. पाणी लागले की अल्कोहोलचे काम थांबते. अल्कोहोल थांबवल्यावर आधी पट्टी निथळत बसू नये.

जाड लेपातून रंग बराच वेळ येत राहतो आणि विद्यार्थी तो पूर्ण जाईपर्यंत अल्कोहोल ओततच राहतो. तोपर्यंत लेपाच्या पातळ कडेवरच्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी रंगहीन झालेल्या असतात. मग एकाच लेपाच्या मध्यावर सगळे जांभळे आणि कडेवर सगळे गुलाबी, असे चित्र मिळते. अशा पट्टीवरून ‘मिश्र वाढ आहे’ असा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे.

तीन लेपांची पट्टी असताना अल्कोहोल तिन्हींवर सारखे पडायला हवे. एका टोकाकडून ओतले तर खालच्या लेपावर वरच्याचा रंग वाहत जातो. म्हणून पट्टी लांबीच्या बाजूने आडवी धरून, लांब कडेवरून तिन्ही लेपांवर आळीपाळीने थेंब सोडावेत.

## टप्पा ७: सूक्ष्मदर्शकाखाली

१. १०× भिंगाने रंगीत भाग शोधावा. लेपाच्या मध्यापेक्षा कडेजवळचा, पेशी एकेकट्या पसरलेला भाग निवडावा.

२. ४०× ने नजर स्थिर करावी.

३. भिंग अर्धवट फिरवून पट्टीवर तेलाचा एक थेंब टाकावा आणि १००× भिंग त्यात उतरवावे. काच आणि तेल यांचा अपवर्तनांक साधारण १.५२ असतो, हवेचा १. तेल नसेल तर काचेतून निघालेले तिरके किरण भिंगात पोहोचतच नाहीत आणि प्रतिमा धूसर राहते.

४. कंडेन्सर (पट्टीखालचे, प्रकाश एकवटणारे भिंग) वर घ्यावा आणि डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) उघडावा. कमी शक्तीच्या भिंगासाठी बंद केलेला डायफ्रॅम तसाच ठेवला, तर रंगांतला भेद नाहीसा होऊन सगळे काळपट दिसते.

५. यापुढे फक्त सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू फिरवावा.

तेल टाकल्यानंतर पुन्हा ४०× वर जाऊ नये. ते भिंग कोरडे वापरायचे असते. तेलात बुडाले की साफ करणे कठीण होते आणि पुढच्या विद्यार्थ्याला दिवसभर धुकेच दिसते.

तपासणी: १०× ने लेप छान दिसतो, पण १००× ने काही केल्या स्पष्ट होत नाही, अशी तक्रार असेल तर पट्टी उलटी ठेवलेली आहे का ते पाहावे. तेलभिंगाचे टोक आणि वस्तू यांत मिलिमीटरच्या दशांशाइतकेच अंतर असते, तर पट्टी सुमारे १ मिलिमीटर जाड असते. लेप खालच्या बाजूला असेल तर भिंग त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि जोर केला तर पट्टी फुटते, भिंगही ओरखडते. दुसऱ्या टप्प्यात खूण आणि लेप एकाच बाजूला ठेवायला सांगितले ते यासाठीच.

## टप्पा ८: काय दिसले ते वाचणे

आधी दोन तुलनालेप पाहावेत. स्टॅफिलोकॉकस जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी असेल तरच मधल्या लेपाकडे वळावे. दोन्ही जांभळे असतील तर अल्कोहोल कमी पडले किंवा लेप जाड होते. दोन्ही गुलाबी असतील तर अल्कोहोल जास्त झाले, आयोडीन कमजोर होते किंवा पट्टी जास्त तापली. या दोन्ही वेळी मधल्या लेपाची नोंद करू नये.

दह्याच्या चांगल्या लेपात फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळे गोलाणू जोड्यांत आणि साखळ्यांत, तसेच जांभळे दंडाणू एकेकटे किंवा छोट्या साखळ्यांत दिसतात. दोहोंचे प्रमाण विरजणावर अवलंबून असते. एखाद्या घरच्या दह्यात दंडाणू शोधावे लागतात. मधूनच जिवाणूंच्या कितीतरी पट मोठी, अंडाकृती, जांभळी पेशी दिसली आणि तिला छोटी कळी फुटलेली असली, तर ते यीस्ट आहे. यीस्टही या पद्धतीत जांभळेच रंगते, पण ती दृश्यकेंद्रकी बुरशी आहे. तिला ‘मोठे ग्रॅम पॉझिटिव्ह गोलाणू’ म्हणू नये.

किटणाच्या लेपात सर्वप्रथम डोळ्यांत भरतात त्या तोंडाच्या अस्तरातील पेशी: पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या, गुलाबी, मध्ये गडद केंद्रक असलेल्या. त्यांना पेशीभित्तिका नसते, म्हणून जांभळा रंग आत अडकत नाही. अशी एक पेशी साधारण ५० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही रुंद असते आणि तिच्यावर चिकटलेला गोलाणू १ मायक्रोमीटरच्या आसपास. पाठ्यपुस्तकात दोन्ही पेशींच्या आकृत्या एकाच मापाच्या छापलेल्या असतात, त्यामुळे हा फरक प्रत्यक्ष पाहिल्यावर विद्यार्थी थबकतात. त्यांना तिथे थांबू द्यावे. येथे पेशीच्या केंद्रकाकडे आणि शेजारच्या जिवाणूकडे आलटून पालटून पाहण्यात घालवलेली पाच मिनिटे आकृती पाच वेळा काढण्यापेक्षा जास्त शिकवतात.

आजूबाजूला जांभळे गोलाणू, गुलाबी दंडाणू आणि लांब तंतूंसारखे जिवाणू मिळतील. फोकस किंचित वरखाली करावा. एखादा ‘गोलाणू’ बाकीच्या पेशींच्या पातळीत स्पष्ट न होता वर तरंगल्यासारखा दिसला आणि काळपट, कडक कडांचा असला, तर तो रंगाचा कण समजावा.

वहीत नोंद करताना नमुना, त्याचे वय, पेशींचा आकार, रचना, रंग आणि तुलनालेपांचा निकाल या सहाही गोष्टी लिहाव्यात. जिवाणूचे नाव लिहू नये. ‘ग्रॅम पॉझिटिव्ह, साखळीतील गोलाणू’ इथपर्यंतच ही पद्धत आपल्याला नेते. प्रजाती ओळखण्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. काही जिवाणू या पद्धतीच्या कक्षेतच बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. क्षयाच्या जिवाणूच्या भित्तिकेत मेणासारखे मेद इतके असतात की त्याच्यासाठी वेगळे, आम्लरोधी अभिरंजन करावे लागते.

### शंका उरली तर

घन माध्यमावर वाढलेल्या वसाहतीबद्दल शंका असेल तर रंगाविना एक पडताळणी करता येते. काचपट्टीवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब घ्यावा, त्यात लूपभर वाढ मिसळून ३० ते ६० सेकंद ढवळावे आणि लूप हळूच वर उचलावा. पाकाची तार यावी तसा चिकट धागा वर आला तर जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह आहे: त्याची पातळ भित्तिका अल्कलीने फुटते आणि बाहेर आलेला डीएनए द्रवाला चिकट करतो. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी सहसा टिकून राहते आणि थेंब पाण्यासारखा राहतो. हे द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असल्याने हातमोजे आणि चष्मा घालावा. दही किंवा किटण यांसारख्या मिश्र नमुन्यांवर ही चाचणी करू नये.

## टप्पा ९: आवराआवर

तेलभिंग भिंगाच्याच कागदाने टिपावे. रुमाल किंवा कापूस वापरू नये. वापरलेल्या पट्ट्या आणि काड्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये किमान ३० मिनिटे बुडवून ठेवाव्यात, पण हायपोक्लोराइटच्या भांड्यात आम्ल किंवा उरलेले अल्कोहोल ओतू नये. संवर्धने शिक्षकांच्या ताब्यात द्यावीत, म्हणजे ती निर्जंतुक करूनच टाकली जातील. लूप पुन्हा लाल होईपर्यंत तापवावा, मेज पुसावे आणि हात साबणाने धुवावेत. बोटांना लागलेला जांभळा रंग दोन-तीन दिवसांत आपोआप जातो. तो काढण्यासाठी हातांवर अल्कोहोल चोळत बसू नये. चांगली उतरलेली पट्टी तेल टिपून, तारीख घालून डब्यात ठेवावी आणि पुढच्या वेळी नव्या लेपाशेजारी ठेवून पाहावी.